मुक्या जनावराचें ऊन

यवतमाळ जिल्ह्यांतलें वैशाखाचें ऊन कसें असतें, हें येथील वाचकांस सांगावयास नको, आणि कोंकणांतील वाचकांस कितीहि सांगितलें तरी तें पुरतें पटावयाचें नाहीं. पारा ४४-४५ अंशांच्या घरांत जातो. सकाळचे दहा वाजले कीं रस्ते ओस पडूं लागतात. वाळ्याच्या ताट्यांची जागा कूलरांनीं घेतली, तरी दुपारीं दार लोटून अंधाऱ्या खोलींत पडण्याची आमची जुनी रीत कांहीं सुटलेली नाहीं. माणसाला एवढी सोय आहे. त्यानें डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, खिशांत कांदा टाकावा, घरीं येऊन पन्हें प्यावें, आणि नाहींच सोसलें तर ‘आज ऊन फार लागलें बुवा’ असें म्हणून आडवें व्हावें. घरांतल्या कुत्र्यामांजराला यांतलें शेवटचें वाक्य बोलतां येत नाहीं. तें त्याच्या वतीनें घरांतील कोणीतरी ओळखावें लागतें.

हल्लीं सुशिक्षित घरांतून कुत्रें पाळण्याची हौस पुष्कळ वाढली आहे. पूर्वीं वाड्याच्या दिंडीपाशीं पडून राहणारें कुत्रें आतां दिवाणखान्यांत निजतें, आणि त्याच्या जेवणाची वेळ आजोबांच्या जेवणाइतकीच कसोशीनें पाळली जाते. प्रेम वाढलें तशी काळजी वाढली, आणि काळजीबरोबर प्रश्नहि आले. गेल्या दोन उन्हाळ्यांत मला निरनिराळ्या घरांतून एक प्रश्न विचारण्यांत आला तो असा: मुली बाहेर निघतांना तोंडाला उन्हाचा लेप लावतात, ज्याला त्या सनस्क्रीन म्हणतात, तोच कुत्र्याच्या नाकाला व कानांना लावला तर चालेल काय? विचारणाऱ्यांत नऊ वर्षांची नात होती आणि सत्तरीच्या आजीबाईहि होत्या. नातीला तें भूतदयेचें काम वाटत होतें, आजीबाईंना तें थेर वाटत होतें. दोघींच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोघींच्याहि म्हणण्यांत उणीव आहे, म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतों.

प्रथम हें पाहूं कीं जनावराला अशा लेपाची गरज असते काय. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात, आणि उन्हानें कातडी भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळें. हे किरण अडविण्यासाठीं निसर्गानें जनावरांस दोन पडदे दिले आहेत: एक केसांचा आणि दुसरा कातडींतील काळ्या रंगद्रव्याचा. आपल्या विदर्भाचा गवळाऊ बैल पाहावा. वर्धा-नागपूरकडील ही जात दुरून पांढरीशुभ्र दिसते. परंतु केस बाजूला सारून पाहिलें तर खालचें कातडें काळें असतें. पांढरा केस ऊन परतवितो आणि त्यांतून जे किरण आंत येतील ते काळें कातडें वरच्यावर शोषून घेतें. म्हशीची व्यवस्था निराळी. तिच्या अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथि थोड्या, म्हणून ती डबक्यांत बसते आणि अंगाला चिखल माखून घेते. तो चिखलाचा थर म्हणजे म्हशीचा लेपच होय.

कुत्र्याच्या अंगावरचे दाट केस हेंहि त्याचें पांघरूण आणि छत्र आहे. उन्हाळा आला म्हणून हौसेनें त्याचें सर्व अंग भादरून टाकण्याची चाल पडूं लागली आहे, ती बरी नव्हे. केस विंचरून मोकळे करावे, गळालेली लव काढून टाकावी, गुंता झाला असेल तर तो सोडवावा. पण कातडें उघडें पडेल इतकें भादरूं नये. काळ्या नाकाच्या व भरल्या केसांच्या आपल्या गांवठी कुत्र्याला बाजारच्या लेपाची कांहींएक गरज नाहीं, आणि या बाबतींत आजीबाईंचें म्हणणें मान्य केलें पाहिजे.

मग गरज कोणाला? ज्याचे हे दोन्ही पडदे अपुरे आहेत त्याला. पांढऱ्या केसांच्या कुत्र्याचें नाक गुलाबी असेल, कानांच्या टोकांवर लव विरळ असेल, पोटाकडील व मांड्यांच्या आंतील कातडें उघडें असेल, आणि त्यांतून पाठीवर लोळून ऊन खाण्याची त्याला संवय असेल, तर त्या जागा भाजतात. डाल्मेशियन, बुल टेरियर अशा आंखूड पांढऱ्या केसांच्या जातींत हा त्रास अधिक आढळतो. गच्चीवर पांढऱ्या फरश्या असतील तर ऊन खालूनहि उलट येतें. शस्त्रक्रियेसाठीं भादरलेली जागा, किंवा जुन्या जखमेचा बिनकेसाचा व्रण, यांनाहि हाच नियम लागू आहे. मांजरांमध्यें पांढऱ्या मांजराला धोका सर्वांत अधिक. त्याच्या कानांचीं टोकें, पापण्या आणि नाकाचा शेंडा यांवर वर्षानुवर्षें ऊन पडून तेथें कर्करोग होतो, ही गोष्ट पशुवैद्यांस चांगली परिचित आहे.

आमच्या आळींतील एका घरीं असा एक पांढरा बोका होता. त्याच्या डाव्या कानाच्या टोकाला खपली धरली. दुसऱ्या बोक्याशीं मारामारी झाली असेल, असें घरांतल्या सर्वांनीं ठरविलें व हळद लावली. खपली पडे आणि पुन्हां धरी. पावसाळ्यांत बरें वाटे, शिमग्यानंतर पुन्हां तेथें लाली येई. दुसऱ्या उन्हाळ्यांत कानाची कडच झिजूं लागली, तेव्हां त्या घरच्या काकू मला म्हणाल्या, ‘गुरुजी, मारामारीची जखम दोन वर्षें कशी हो राहील?’ उशिरां का होईना, त्यांनीं हा प्रश्न विचारला म्हणून बोका वांचला. पशुवैद्यांनीं कानाचा वरचा भाग काढून टाकला, आणि बोका एका आंखूड कानानें पुढें कित्येक वर्षें त्या घरीं नांदला. एकत्र कुटुंबांत असें पुष्कळदां होतें. दहा माणसें एक गोष्ट रोज पाहतात, आणि प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्या कोणी तिचा विचार केला असेल. वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, पांढऱ्या जनावराच्या कानावरची किंवा नाकावरची जी खपली महिनाभरांत बरी होत नाहीं, ती साधी जखम समजूं नये, पशुवैद्यास दाखवावी.

तात्पर्य, कांहीं जनावरांना लेपाचा उपयोग आहे. आतां नातीच्या प्रश्नाकडे वळूं: माणसाचाच लेप लावला तर काय बिघडतें?

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्याख्यानाच्या आरंभींच, एका कुत्र्याची गोष्ट आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचें सत्र चाललें असतां देवशुनी सरमा हिचें पोर तेथें आलें, आणि जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारलें. तें रडत आईकडे गेलें. आईनें विचारलें, तुझा कांहीं अपराध असेल. त्यावर पोर म्हणालें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं आणि तें चाटलेंहि नाहीं. तेव्हां सरमा यज्ञमंडपांत गेली आणि निरपराध्यास मारल्याबद्दल, तुझ्यावर अदृष्ट भय येईल, असा शाप तिनें जनमेजयाला दिला. या कथेंतील एक बारीक गोष्ट मला मोठी मार्मिक वाटते. कुत्र्याच्या पोरानें आपल्या निरपराधीपणाचा पुरावा म्हणून काय सांगावें, तर ‘मीं चाटलें नाहीं’ हें! कुत्र्यावर पहिला संशय चाटण्याचाच येणार, हें त्या काळींहि सर्वांस ठाऊक होतें. सरमेचें पोर निर्दोष होतें; पण आपल्या घरच्या कुत्र्याच्या अंगाला कांहींहि लावलें तर तें चाटल्यावांचून राहणार नाहीं. मांजराचें तर अर्धें आयुष्य स्वतःचें अंग चाटण्यांत जातें. म्हणून जनावराच्या कातडीला लावलेली वस्तु घटकाभरांत त्याच्या पोटांत जाणार, असें धरूनच चालावें. सरमेनें सांगितलेलें अदृष्ट भय या बाबतींत हेंच आहे.

माणसाच्या लेपांत काय काय असतें तें पाहूं. पुष्कळ लेपांत झिंक ऑक्साइड असतें. आपल्या वैद्यांचें यशदभस्म तें मुख्यतः हेंच द्रव्य. माणसाच्या कातडीवर तें बसून राहतें व किरण अडवितें. कुत्र्यानें तें चाटलें कीं पोटांत जळजळ होऊन ओकारी होते. पुष्कळ प्रमाणांत किंवा वरचेवर पोटांत गेलें तर जस्त रक्तांत शिरून रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं लागतात. हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, जनावर निपचित पडून राहतें. दुसरा घटक सॅलिसिलेट या वर्गाचा. लेपाच्या डबीवर ऑक्टिसॅलेट, होमोसॅलेट अशीं नांवें असतात तीं यांचींच. हीं द्रव्यें ॲस्पिरिनच्या गोत्रांतलीं. माणसाचें यकृत तीं लौकर निकालांत काढतें. मांजराच्या यकृताला तें सामर्थ्य फारच तोकडें आहे, म्हणून माणसाला क्षुल्लक वाटणारी मात्रा मांजराच्या शरीरांत दिवस दिवस राहून विष होते. जुन्या धर्तीच्या कांहीं लेपांत पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल असतें, तेंहि टाळावें. सुवासासाठीं घातलेलीं अत्तरें व तेलें हीं तर जनावराच्या नाकाला केवळ पीडाच.

यांतहि नाकावर लावलेल्या चिमूटभर लेपापेक्षां टेबलावर राहिलेली नळी अधिक भयंकर. तरुण कुत्र्याला चावावयास ती फार आवडते, आणि एका बैठकींत तें सगळी नळी फस्त करतें. म्हणून लेपाची नळी कपाटांत ठेवावी. आणि तिच्या शेजारीं घरांतल्या दुसऱ्याहि कांहीं नळ्या ठेवाव्या. तान्ह्या मुलाच्या लंगोटाच्या पुरळावरील मलमांत व गुलाबी कॅलमाइनमध्यें तेंच जस्त असतें. सोरायसिसवर देतात त्या कॅल्सिपोट्रायॉलच्या मलमाचा थोडासा अंशहि कुत्र्याच्या जिवावर बेततो, आणि कातडीच्या कांहीं विकारांवरील फ्ल्युरोयुरॅसिलचें मलम त्याहून वाईट. कुत्र्याच्या गोचिडांसाठीं मिळणारीं पर्मेथ्रिनचीं थेंबऔषधें मांजराला लावणें म्हणजे त्याला विष देणें होय. माणसाला चालतें तें जनावराला चालेल, आणि कुत्र्याला चालतें तें मांजराला चालेल, असें अनुमान या प्रकरणीं करूं नये.

अंगाला लागलेली वस्तु शरीरांत शिरते, हें आपल्या जिल्ह्याला निराळें शिकविण्याचें कारण नाहीं. २०१७ च्या पावसाळ्यांत व त्यानंतर कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत पडले. उंच वाढलेल्या कपाशींत उघड्या अंगावर फवारा उडाला, श्वासांतून आंत गेला, आणि डबीवर बारीक अक्षरांत काय छापलें आहे तें पुष्कळांस वाचतां आलें नाहीं. त्या दुःखाची बरोबरी कुत्र्याच्या लेपाशीं कोणी करणार नाहीं, मीहि करीत नाहीं. परंतु त्या वर्षानें शिकविलेला धडा घरांतल्या फळीवरच्या प्रत्येक नळीला लागू आहे: वापरण्यापूर्वीं डबीवरचें वाचावें, आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याला घरांतल्या शिकलेल्या माणसानें वाचून दाखवावें. जातां जातां हेंहि सांगतों कीं, फवारणी झालेल्या शेतांतून कुत्रें आलें तर प्रथम त्याचे पाय धुवावे. तें पाय चाटणारच आहे.

मग लेप लावावयाचाच असेल तर कोणता आणि कसा? जनावरांसाठीं म्हणूनच तयार केलेला लेप पशुवैद्यास विचारून आणावा. त्यांत जस्त नसावें, सॅलिसिलेट नसावें, पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल नसावें, सुवास नसावा. मांजरासाठीं हवा असल्यास डबीवर मांजराचें नांव स्पष्ट छापलेलें असावें; नुसतें ‘प्राण्यांसाठीं’ एवढ्यावर विसंबूं नये. पहिल्या दिवशीं एका लहानशा जागीं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी. लाली किंवा खाज दिसली नाहीं तरच पुढें जावें. उन्हांत नेण्यापूर्वीं वीस मिनिटें लावावा: नाकाच्या दांड्यावर, कानांच्या टोकांवर, पोटाच्या उघड्या जागेवर. डोळ्यांत व नाकपुड्यांत जाऊं देऊं नये. फवाऱ्याचा लेप असल्यास तो आधीं हातावर घेऊन मग बोटानें लावावा, तोंडावर उडवूं नये. आणि मुख्य गोष्ट ही कीं, लेप वाळेपर्यंत, म्हणजे पंधरा मिनिटें, जनावराचें मन दुसरीकडे गुंतवावें. त्याला जेवूं घालावें, खेळवावें किंवा सांवलींतून फिरवावें. हें काम घरांतल्या मुलांना फार चांगलें जमतें, आणि नातीच्या भूतदयेचा खरा उपयोग येथें आहे. तास दोन तासांहून अधिक उन्हांत राहावें लागलें किंवा अंग भिजलें, तर लेप पुन्हां लावावा.

चुकून चाटलेंच तर तोंड व ती जागा पाण्यानें धुवावी व लक्ष ठेवावें. नळी चावली असेल, ओकारी होत असेल किंवा हिरड्या फिकट दिसत असतील, तर उरलेली नळी बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावें. मीठ पाजून ओकारी करविण्याचा घरगुती उपाय मुळींच करूं नये. तेवढें मीठ कुत्र्याला स्वतंत्रपणें बाधतें.

आपल्या शेतकऱ्यांच्या चालीरीतींत या सर्वांचें सूत्र आधींपासूनच आहे असें मला वाटतें. पोळ्याच्या आदल्या दिवशीं खांदशेकणी असते. वर्षभर जूं वाहून घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला त्या दिवशीं तूप आणि हळद लावून, पळसाच्या पानानें तें चोळून शेकतात. बैलानें मान वळवून तें चाटलें तर काय बिघडेल? कांहींच नाहीं. जें चाटलें तरी बाधत नाहीं तेंच मुक्या जनावराच्या अंगाला लावावें, हा नियम कोणी लिहून ठेवला नसला तरी त्या चालींत तो पाळला गेला आहे. मात्र तूप, खोबरेल हीं चाटावयास बरीं म्हणून उन्हाला अडवितात, असा गैरसमज नसावा. तो गुण त्यांत नांवापुरताच आहे.

उलट दिशेचेंहि एक उदाहरण आपल्याकडे दरसाल घडतें. घाणेरी, जिला कोणी टणटणी आणि आपल्याकडे कित्येक ठिकाणीं रायमुनिया म्हणतात, ती रंगीत फुलांची झुडुपी बांधांवर व पडीत रानांत माजली आहे. चारा तुटला कीं भुकेलीं गुरें तिचा पाला खातात. तिच्या विषानें यकृत बिघडतें. हिरव्या पाल्यांतील हरितद्रव्यापासून पोटांत होणारा एक पदार्थ यकृत एरव्हीं पित्तावाटें बाहेर टाकतें; तें काम थांबलें कीं तो पदार्थ रक्तांतून कातडीखालीं येतो, आणि वर ऊन पडतांच कातडें आंतून भाजतें. काळ्या भागाला फारसें होत नाहीं. पांढरे चट्टे, नाकपुड्या आणि कान सुजतात, तडकतात, सालपटें निघतात. काळ्यापांढऱ्या संकरित गाईच्या अंगावर तर नकाशा काढावा तसें पांढरें तेवढेंच सोलून निघालेलें दिसतें. पाहणाऱ्याला वाटतें, ऊन लागलें. दुखणें मात्र यकृतांत असतें. अशा वेळीं कोणताहि लेप कामाचा नाहीं. गुरूं तत्काळ सावलीच्या गोठ्यांत बांधावें, घाणेरी बंद करावी आणि पशुवैद्यास बोलवावें. फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्यासाठीं १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

आतां लेपाविषयींची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लेप किरण अडवितो. उष्णता अडवीत नाहीं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं, तळपायांना तेवढा येतो. तें जीभ बाहेर काढून धापा टाकतें तोच त्याचा पंखा. त्याच्या अंगाची नेहमींची उष्णता ३८ ते ३९ अंश असते. ती ४१ च्या घरांत गेली कीं प्राणावर बेतते. नाकाला उत्तम लेप लावून भर दुपारीं डांबरी रस्त्यावर फिरविलेलें कुत्रें लेपासकट मरेल. पग वगैरे चपट्या नाकाचीं कुत्रीं तर धापहि नीट टाकूं शकत नाहींत. त्यांना विशेष जपावें. फिरावयास सूर्योदयापूर्वीं आणि दिवेलागणीनंतर न्यावें. संध्याकाळींहि रस्त्यावर हाताची मागची बाजू सात अंकांपर्यंत टेकवून पाहावी. आपल्याला सोसलें नाहीं तर त्याच्या पावलांनाहि सोसणार नाहीं. तोंडाला घट्ट जाळी बांधूं नये आणि बंद मोटारींत क्षणभरहि ठेवूं नये.

सांवलीविषयीं आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण आहे. यवतमाळ सुमारें २०.४ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या २२ तारखेच्या आसपास मध्यान्हीं सूर्य येथें बरोबर माथ्यावर येतो. त्याला शून्य सांवलीचा दिवस म्हणतात. दोनचार दिवसांत, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणींत जाऊन नवतपा लागतो. या दिवसांत मध्यान्हीं भिंतीची सांवली भिंतीच्या पायापाशींच नाहींशी होते. सकाळीं आठ वाजतां गार सांवली पाहून कुत्रें भिंतीच्या पश्चिमेस बांधलें, आणि मंडळी आपापल्या कामाला गेली, तर बारा वाजतां तें उघड्या उन्हांत असतें आणि सांखळीमुळें त्याला हलतां येत नाहीं. म्हणून सांवली झाडाची किंवा छपराची असावी. पत्र्याखालची कोंडलेली जागा ही सांवली नव्हे.

बैलांच्या बाबतींत कायद्यानेंहि हें ओळखलें आहे. गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ चे जे नियम आहेत, त्यांप्रमाणें जेथें उष्णता ३७ अंशांवर जाते तेथें दुपारीं १२ ते ३ या वेळांत जनावर कामाला लावतां येत नाहीं. आपल्याकडे चैत्रापासून मृगापर्यंत बहुतेक रोजच पारा ३७ ओलांडतो. म्हणजे या तीन घटका नव्हे, तीन तास बैलाच्या हक्काचे आहेत. खतांच्या गाड्या भरून घेणाऱ्या सुशिक्षित मालकांनीं हें जाणावें.

ऊन लागल्याचीं चिन्हें ओळखतां यावीं: अतिशय धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, ओकारी, आणि शेवटीं शुद्ध जाणें. जनावर सांवलींत आणावें. साधें गार पाणी पोटावर, मांड्यांत व पायांवर ओतीत राहावें व पंखा लावावा. बर्फाचें पाणी नको. ओलें कांबळें अंगावर पांघरून ठेवूं नये, त्यानें उष्णता आंत कोंडते. शुद्धींत असल्यास थोडें थोडें पाणी पुढें ठेवावें, तोंडांत ओतूं नये. मग लगेच दवाखाना गांठावा. सावध झाल्यासारखें दिसलें तरी गांठावा, कारण आंतील इजा मागाहून प्रकट होते.

शेवटीं घरांतल्या व्यवस्थेविषयीं एक सूचना. एकत्र कुटुंबांत कुत्रें सर्वांचें असतें, आणि जें सर्वांचें तें पुष्कळदां कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. देवपूजा कोणी करावी, दिवा कोणी लावावा हें ठरलेलें असतें. तसें जनावराचें पाणी व जनावराची सांवली हें काम एका माणसाच्या नांवानें ठरवून द्यावें. बाहेरच्या भटक्या कुत्र्यांसाठीं व पांखरांसाठीं कुंपणापाशीं मातीचें एक पसरट भांडें ठेवावें, तेंहि त्याच कामांत येतें. उद्यां दुपारीं जेवणावरून उठल्यावर त्या माणसानें एकवार बाहेर जाऊन पाहावें: कुत्रें जेथें बांधलें आहे तेथें अजून सांवली आहे काय, आणि भांड्यांत पाणी आहे काय. दोन्ही असतील, तर कोणता लेप आणावा याचा विचार सावकाश करावयास हरकत नाहीं.